मंडईचे पान आणि सुकी मासोळी: भंडाऱ्यापासून मेक्सिकोपर्यंत

१/ भाऊबीज सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, रात्रभर दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक रंगते. पाहुण्याच्या ताटात मटण असते, कोंबडी असते, ऐपत असेल तर मरळ असते. सुकी मासोळी मात्र नसते. ती पाहुणे गेल्यावर शिजते. या धाग्यात मी एकच गोष्ट मांडणार आहे: हे चूक आहे. त्यासाठी थोडे लांबून, थेट मेक्सिकोतून, यावे लागेल.

२/ मेक्सिकोत २४ डिसेंबरच्या रात्री, नाताळच्या पूर्वसंध्येला, असंख्य घरांत एक पदार्थ शिजतो: ‘बाकालाओ आ ला विस्काइना’. बाकालाओ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. तो एक-दोन दिवस पाण्यात भिजत घालायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलून मीठ उतरवायचे, काटे काढून बोटांनी कुस्करायचा आणि टोमॅटो, कांदा, लसूण, बटाटे, ऑलिव्ह, केपर नावाच्या आंबट कळ्या आणि लोणच्यातल्या पिवळ्या मिरच्या यांच्याबरोबर मंद आचेवर शिजवायचा. वर्षाच्या सर्वांत मोठ्या सणाचे हे मानाचे पान. आणि त्याच्या केंद्रस्थानी काय? सुका मासा.

३/ आता या ‘पारंपरिक मेक्सिकन’ पदार्थाची वंशावळ पाहा. कॉड मेक्सिकोच्या समुद्रात सापडतच नाही. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. ऑलिव्ह आणि केपर भूमध्य समुद्राकाठचे. ‘विस्काइना’ हे नाव स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातल्या विस्काया प्रांतावरून आलेले. तिथल्या मूळ रश्शाला लाल रंग येतो तो सुकवलेल्या मिरच्यांमुळे, आणि मिरची तर स्पेनला अमेरिकेनेच दिली. म्हणजे मेक्सिकोची मिरची समुद्र ओलांडून गेली, बास्क झाली आणि माशाचे बोट धरून माहेरी परत आली. परंपरा म्हणतात ती बहुधा अशीच घडते.

४/ हा मासा सणाचा का झाला? कारण धार्मिक आहे. कॅथॉलिक आचारात नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. मासा चालत असे. समुद्रापासून दूर, उंच पठारावरच्या मेक्सिको शहरात ताजा मासा मिळणे अवघड. खारवलेला मात्र महिनोन्‌महिने टिकणारा. उपवासाची सोय म्हणून आलेला पदार्थ पिढ्या उलटता उलटता उत्सवाचा झाला.

५/ पण याच माशाचे दुसरे रूपही लक्षात ठेवले पाहिजे. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना जो हलक्या प्रतीचा खारा कॉड खायला दिला जाई, तो याच व्यापारातला. आज तोच मासा ‘ॲकी’ नावाच्या फळाबरोबर शिजवला की तो जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ असतो. ज्या अन्नावर एका समाजाला हीन लेखून जगवले गेले, तेच अन्न त्या समाजाने अभिमानाने पाहुण्यापुढे ठेवले. हा मुद्दा मनात असू द्या. शेवटी त्याच्याकडेच यायचे आहे.

६/ मासा टिकवण्याची विद्या मुळात मिठाची की उन्हाची? नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड शतकानुशतके मिठाविनाच, लाकडी मांडवांवर टांगून, थंड वाऱ्यावर वाळवला गेला. कारण साधे होते: तिथे सूर्य कमी, त्यामुळे मीठ पिकत नाही. खारवलेला कॉड नॉर्वेत नंतर आला, दक्षिणेकडचे मीठ जहाजांतून येऊ लागल्यावर. जिथे मीठ दुर्मीळ तिथे माणसाने वारा आणि ऊन कामाला लावले.

७/ भंडाऱ्याची गोष्ट नेमकी इथे जुळते. दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर. रेल्वेपूर्व काळात या मुलखात मीठ येई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. परतीच्या वाटेवर त्याच पाठींवर धान्याच्या गोणी चढत. त्यात इंग्रजी अमलाखाली मिठावर कर बसला. सिंधूपासून मध्य प्रांत ओलांडून ओडिशाच्या सीमेपर्यंत जाणारी जकातीची रेषा एका काळी सुमारे ३,७०० किलोमीटर लांब होती. तिच्या बऱ्याच भागात काटेरी झुडपांचे कुंपण उभारून चोरटे मीठ अडवले जाई. ती रेषा १८७९ मध्ये मोडीत निघाली. मिठावरचा कर मात्र उरलाच. अशा मुलखात गरिबाने मासोळी मिठात पुरून ठेवावी, ही अपेक्षाच फोल. इथे मासा टिकवला तो वैशाखाच्या उन्हाने.

८/ समुद्र नसला तरी पाण्याला तोटा नव्हता. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख (१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत दोन्ही एकच होते). गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने इथे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. धानाला पाणी, गुरांना पाणी, माणसाला पाणी आणि त्या पाण्यात मासोळी. नवेगाव बांधचा तलाव लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगते. पूर्व विदर्भात आजही साडेसहा हजारांहून अधिक ‘माजी मालगुजारी तलाव’ नोंदलेले आहेत.

९/ या तलावांची स्वतःची भाषा आहे. पाण्याला अडवते ती पाळ. पाणी सोडायचे ते तुडुम. शेताच्या वरच्या अंगाला असते ती बोडी. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात घेतात ती गाळपेर. तलाव कोणी बांधला हे आपण कौतुकाने सांगतो, त्याचे पाणी कोणाच्या शेतात गेले हेही सांगतो. पण त्या पाण्यात उतरून मासा कोणी धरला, हे सांगताना आपला आवाज बारीक होतो.

१०/ तो धरला ढीवरांनी. डोंगा, जाळे, गळ ही त्यांची अवजारे. शिंगाड्याची लागवड हीही त्यांचीच विद्या. १९०८ सालचे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर ज्यांनी संपादित केले त्या आर. व्ही. रसेल यांनी १९१६ च्या आपल्या जाती-जमातींवरील ग्रंथात धीमर या नावाखाली या समाजाची नोंद घेतली आहे: मासे धरणारे, पाणी भरणारे, पालखी वाहणारे. म्हणजे ज्याच्या हातचे पाणी गावाला चालत होते, त्याच्या चुलीचा वास मात्र गावाला सोसत नव्हता. आपल्या जातिव्यवस्थेचे हिशेब असेच असतात.

११/ उन्हाळ्यात तलाव आटू लागला की मासेमारीला जोर येई. मोठा मासा ताजाच विकला जाई. बोटाएवढी बारीक मासोळी आणि गोड्या पाण्यातले झिंगे इतके निघत की एका दिवसात खपणे शक्य नसे. मग बायका ती निवडत, धूत आणि उन्हात पसरत. कावळे, कुत्री, मांजरे हाकलत दिवसभर राखण करावी लागे. वळवाच्या सरीची चाहूल लागली की सगळे गोळा करून घरात न्यायचे. कडकडीत वाळलेली मासोळी मडक्यात भरून पावसाळ्यासाठी ठेवायची. पुरुषाने धरलेला मासा एका दिवसाचे अन्न होता. बाईने वाळवल्यावर तो सहा महिन्यांचे अन्न झाला.

१२/ हे काम किती मोलाचे होते ते श्रावण-भादव्यात कळे. रोवणी आटोपलेली, हातात पैसा नाही, जुने धान संपत आलेले, तलाव तुडुंब भरल्यामुळे मासा जाळ्यात येत नाही. त्या दिवसांत भाताबरोबर चव आणि अंगाला बळ देणारी वस्तू म्हणजे मडक्यातली मूठभर मासोळी. बारीक मासा काट्यासकट खाल्ला जातो, म्हणून त्यातून हाडांना लागणारे कॅल्शियमही मिळते. आहारशास्त्र आज जे सांगते, ते या घरांनी पोटाने ओळखले होते.

१३/ आता स्वयंपाक. सुके झिंगे घ्यावेत, डोकी-शेपट्या मोडून टाकाव्यात, कोरड्या तव्यावर खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत आणि गरम पाण्यातून दोनदा धुवावेत, म्हणजे रेती खाली बसते. बारीक मासोळी असेल तर तीही तशीच भाजून घ्यावी. लोखंडी कढईत तेल, जुन्या चवीच्या घरात जवसाचे. त्यात कांदा, ठेचलेला लसूण, लाल तिखट, हळद. मग वांग्याच्या फोडी. वांगे अर्धे शिजले की झिंगे घालावेत, वरून टोमॅटो किंवा चिंचेचा कोळ. मीठ शेवटी आणि चाखून, कारण बाजारातल्या सुकटीत ते आधीच असते. खाली उतरवून थोडा वेळ झाकून ठेवावे आणि गरम भाताबरोबर वाढावे.

१४/ या कढईतही मेक्सिको आहेच. मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरू लागले. भंडाऱ्याच्या शेजारी, नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे. चारपाचशे वर्षांपूर्वी ती या मातीत नव्हती. तरी तिला कोणी परकी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

१५/ आणखी एक साम्य मला फार जवळचे वाटते. मेक्सिकोच्या नाताळात बाकालाओच्या शेजारी ‘रोमेरितोस’ नावाचा दुसरा पदार्थ असतो: खारवट जमिनीत उगवणारी पालेभाजी, मोले नावाचा मसालेदार रस्सा आणि त्यात सुक्या झिंग्यांच्या पुडीचे वडे. भाजीत सुके झिंगे! साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या आजीला हा पदार्थ समजावून सांगावा लागणार नाही.

१६/ इथे एक आक्षेप येतो. आज आठवडी बाजारात मिळणारे झिंगे आणि बोंबील समुद्राचे आहेत, ते रेल्वेने आणि ट्रकने आले. मग ही भंडाऱ्याची परंपरा कशी? उत्तर वर येऊन गेले आहे. कॉड जसा मेक्सिकोचा झाला, तसे हे झिंगे आपले झाले. पदार्थ कुठल्या पाण्यातून आला यावर त्याचे नागरिकत्व ठरत नाही. कोणाच्या कढईत तो किती पिढ्या शिजला यावर ठरते. त्यामुळे समुद्राची सुकट आली याचे मला दुःख नाही. दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे: तलावाची मासोळी बाजारातून का गेली?

१७/ याचे एक कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९५० च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जायलाच हवी होती. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर गावाच्या सांभाळाची घडीही विस्कटली. निस्ताराचे हक्क, वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेल्या चालीरीती, गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी बांधायची, हे सारे कागदावर राहिले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि गाळ सगळीकडे.

१८/ दुसरे कारण विज्ञानाच्या इतिहासात आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज हवे तेवढे मिळू लागले. ती मोठी कामगिरी होती. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. लाखो लोकांच्या ताटात मासा आला तो या शोधामुळे.

१९/ पण त्या शास्त्राच्या पुस्तकांत एक शब्द आला ज्याने आपल्या मडक्याचा घात केला. बारीक देशी मासोळीला त्यात तणाच्या पंगतीला बसवले गेले: नको असलेला, बीजाचे खाद्य पळवणारा मासा. मरळ, मागूर यांसारखे मासे शिकारी ठरले. बीज सोडण्यापूर्वी तळ्यात मोहाची ढेप टाकून हे सारे मारून काढावे, अशी शिफारस झाली. ज्याला आजी अन्न म्हणत होती त्याला पुस्तक तण म्हणू लागले. ठेका घेणाऱ्या संस्थेला वजनावर पैसे मिळतात. वजन कार्पचे भरते, बोटभर मासोळीचे भरत नाही.

२०/ मेक्सिकोने हा धडा आपल्या आधी गिरवला आहे. मिचोआकान राज्यात पात्स्क्वारो नावाचे सरोवर आहे. तिथले लोक ‘चाराल’ नावाचे बोटभर मासे उन्हात वाळवतात. आपल्या मासोळीची सख्खी बहीणच. त्याच सरोवरातला ‘पेस्कादो ब्लांको’, म्हणजे पांढरा मासा, प्रसिद्ध होता. १९३० च्या दशकात तिथे बाहेरचा शिकारी मासा सोडला गेला, पुढे कार्प आणि तिलापियाही आले. वर गाळ आणि सांडपाणी. पांढरा मासा आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

२१/ आणि कॉडचे काय झाले? न्यूफाउंडलंडच्या समुद्रात बादली बुडवली तरी मासा येतो, असे जुने खलाशी सांगत. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाला तिथली कॉड मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास माणसे बेकार झाली. मेक्सिकोच्या ताटातला बाकालाओ टिकला, कारण श्रीमंत बाजाराला दुसऱ्या समुद्रातून मासा मागवता येतो. पण धरणाऱ्याची गावे ओस पडली. पाककृती वाचली म्हणजे परंपरा वाचली, असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

२२/ आपल्याकडे धोका तलावापुरता नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये झाली. सिंचनाचा लाभ खरा आहे. पण नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी धरणाच्या फुगवट्यात साचते. वाहती नदी ते पुढे नेत होती. थांबलेली नदी ते सांभाळून ठेवते. त्याच काठावर ढीवरांची वस्ती आहे.

२३/ आशेची बाजूही सांगितली पाहिजे. तलावांत माजलेली बेशरम ही वनस्पती अमेरिका खंडातलीच. मिरची आली तशी तीही आली, पण कढईत न जाता पाण्यात पसरली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी अनेक तलावांतून ती उपटून काढली, तलावतळाची मशागत केली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे जपले. हे काम करताना त्यांनी आधार घेतला तो वडीलधाऱ्यांच्या आठवणींचा: कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ अंडी घालतो, कोणता गाळात दडतो, कोणता नव्या पाण्यावर चढतो. जे ज्ञान पुस्तकाने तण म्हणून काढले होते, ते माणसांच्या स्मरणात मुळासकट शिल्लक होते.

२४/ मी कार्पविरोधी नाही. ढीवर कुटुंबाला रोख पैसा देणारा मासा तोच आहे, आणि उपाशी माणसाला जैवविविधतेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक तलावात सगळेच पाणी वजनाच्या हिशेबाला देऊ नये. काही पाणी, काही काठ, काही बोड्या बारीक मासोळीसाठी राखाव्यात. तिला तण म्हणणे थांबवावे. आणि ती वाळवणाऱ्या बाईला चार महिने टिकणाऱ्या मालाचा भाव मिळावा, फेकून द्यायच्या मालाचा नव्हे.

२५/ पण भाव वाढायला आधी मान वाढावा लागतो. सुक्या मासोळीच्या वासाबद्दल जे बोलले जाते ते बहुतेक वेळा वासाबद्दल नसतेच. चीज घमघमते, तरी त्याला दाद मिळते. खारा कॉड भिजत घातला की सारे घर दरवळते, तरी मेक्सिकोत तो दरवळ म्हणजे नाताळ. आपल्याकडे मात्र शहरात भाड्याची खोली घेताना आधी विचारतात, सुके मासे शिजवता का? तो प्रश्न नाकाचा नसतो. तो जातीचा असतो, आणि नाकाच्या आडून विचारला जातो.

२६/ म्हणून पुन्हा मंडईकडे. पाहुण्याला मटण जरूर वाढा. पण त्याच्या शेजारी एका वाटीत वांगे-झिंगे किंवा तलावाची मासोळी ठेवा. ती कोणत्या तलावातली, कोणी धरली, कोणी वाळवली, हेही सांगा. बाकालाओ राजवाड्यात जन्मला नव्हता. उपवासाच्या ताटातून आणि मळ्यावरच्या शिध्यातून तो वर आला. कोणीतरी पहिल्यांदा तो न लाजता सणाच्या रात्री वाढला, एवढेच घडले.

२७/ जमैकाला जे जमले ते झाडीपट्टीला का जमू नये? तलाव बांधणाऱ्यांची नावे आपण पाळीवर लिहितो. मासोळी वाळवणाऱ्या बाईचे नाव लिहायला पाळ नाही. तिच्यासाठी आपल्याकडे फक्त ताट आहे. त्या ताटात तिला जागा द्या.

(धागा समाप्त. आपल्या गावात बारीक मासोळीची कोणती नावे चालतात, आणि ती कोणत्या सणाला शिजते, ते खाली अवश्य लिहा. ही नावे कोशात येण्याआधीच विसरली जात आहेत.)